नऊ नंबरची खुंटी

शुक्रवारी सकाळी कामाला निघताना फाटकाबाहेर तिला ठेच लागली. अंगठ्याचं नख उचललं गेलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि जी शिवी तोंडात आली ती खिडकीत आत्या उभी असल्यामुळे तिला गिळावी लागली. खाली वाकून पाहिलं तर लोखंडी खुंटी. जमिनीबाहेर वीतभर, डोक्याला लाल रंग आणि लालावर पांढऱ्यात नऊचा आकडा. खुंटी तिच्या ओळखीची होती. तिचं घर आणि समोरच्या हेडमास्तरांचं घर यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यात ती अकरा वर्षं उभी होती. या पट्ट्यातून जोडरस्ता जायचा होता, एका टोकाला बाजार आणि दुसऱ्या टोकाला इस्पितळ जोडणारा, आणि खुंट्या म्हणजे त्या रस्त्याचा मध्य. एकीकडे सहा मीटर, दुसरीकडे सहा मीटर. पट्टा बरोबर बारा मीटर रुंद होता, त्यामुळे कोणाचं काही जाणार नव्हतं आणि अकरा वर्षांत रस्ताही झाला नव्हता. लोक खुंट्यांना वळसा घालून चालायला शिकले होते. पण नऊ नंबरची खुंटी असायची तिकडे, मधोमध. ती चालत चालत फाटकाशी आली कशी? कुंपणापासून आता ती जेमतेम दोन हातांवर होती. खुंटीला पाय फुटल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं. पुढच्याच विजेच्या खांबावर नवी नोटीस डकवलेली होती, तिची खळ अजून ओली होती. खळीचा वास नाकात गेला आणि क्षणभर ती नोटीस वाचायचीच विसरली, कारण बाबा पुस्तकबांधणी करायचे आणि घराला पस्तीस वर्षं हाच वास होता. मग तिने वाचलं. मंगळवारी अंतिम मोजणी. जागेवरील खुंट्या प्रमाण मानून त्यांच्या जागी कायमचे दगड बसवण्यात येतील. तिने खुंटीपासून घराच्या दिशेने नजरेनेच सहा मीटर मोजले. कुंपण गेलं. अंगण गेलं. बाबांची खोली खिडकीपासून मागच्या भिंतीपर्यंत सबंध गेली आणि रस्ता स्वयंपाकघराच्या ओट्याशी येऊन थांबला. उद्या चहा उकळताना शेजारून ट्रक जाईल, असं तिच्या मनात आलं आणि तिला हसू आलं. पण हसू खोलीपर्यंत पोचल्यावर तिथेच बसलं.

बाबांना जाऊन पाच महिने झाले होते. खोलीतलं काही हललं नव्हतं. लाकडी शिकंजा, त्यात दाबून ठेवलेली कोणाची तरी शिवण निघालेली चार पुस्तकं, कात्र्या, दोऱ्याची रिळं, टोचे, एका काडीला दोरा गुंडाळलेला चष्मा. ती रोज फडकं मारायची, पण वस्तू न उचलता, कडेकडेने, झोपलेल्या माणसाभोवती केर काढावा तसं. शिकंज्यातली पुस्तकं ज्यांची होती ते गृहस्थ दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा तिने त्यांना 'अजून वाळायची आहेत' असं सांगितलं. पाच महिने न वाळणारी खळ जगात नसते हे त्या गृहस्थांनाही माहीत असावं, पण ते बिचारे 'सावकाश होऊ द्या' म्हणून परत गेले. खोलीचं काय करायचं हा प्रश्न तिने बाजूला सारला होता. तो आता सरकारने हातात घेतला होता.

ती कामावर न जाता तडक रस्त्यांच्या कचेरीत गेली. साहेबांच्या टेबलावर काच होती आणि काचेखाली इतके नकाशे होते की काच होडीसारखी डुलत होती.

"नऊ नंबरची खुंटी हललीय," ती म्हणाली.

"खुंटी हलत नाही, मॅडम."

"मग माझं घर हललं का?"

साहेबांनी खरोखरच एक फाइल उघडून पाहिली. "तशी नोंद नाही."

"पण ती मधोमध होती. तुम्ही दोन्हीकडच्या कुंपणांपासून मोजून बघा ना."

"कुंपण खाजगी, खुंटी सरकारी," साहेब समजुतीने म्हणाले. "खाजगीवरून सरकारी मोजत नाहीत. आमची पद्धत अशी आहे, जागा नकाशाप्रमाणे नसेल तर नकाशा जागेप्रमाणे करून घ्यायचा. भांडण राहत नाही." मग, बाई जात नाही असं पाहून, त्यांनी आजवरच्या नऊ मोजण्यांचे नऊ पातळ कागद काढले, एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या उजेडात धरले. बाकी सगळ्या खुंट्या एकेक ठिपका होत्या. नऊ नंबर मात्र फराटा होता, जरा इकडे, जरा तिकडे. "ही पहिल्यापासून थरथरते," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात, हूड मुलाबद्दल बोलावं तसं थोडं कौतुकही होतं. "माती भुसभुशीत असणार तिथली. असो. मंगळवारी जागेवर जिथे असेल तिथे दगड."

"म्हणजे सोमवारी जिथे असेल तिथे?"

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. "मी असं काही म्हटलेलं नाही."

दुपारी ती कामावर पोचली. ती कवळ्या करायची. दंतवैद्य माणसांच्या जबड्यांचे साचे पाठवत आणि ती त्यावर मेणात दात रचून हसू तयार करी. शहरातली कितीतरी माणसं तिच्या हातचं हसत होती, समोरचे हेडमास्तरही. त्यांना सगळी गल्ली पट्टीसर म्हणायची आणि ती त्यांच्याच शाळेत त्यांच्याच पट्टीखाली शिकली होती, त्यामुळे त्यांचा साचा हातात आला तेव्हा तिने तो आदराने पण जरा जास्तच वेळ खरवडला होता. आज तिच्यापुढे एका बाईचा साचा होता. वरची एक दाढ बऱ्याच वर्षांपूर्वी काढलेली, आणि तिच्या समोरची खालची दाढ त्या मोकळ्या जागेत वर वर चढत आलेली. असे साचे तिने शेकड्यांनी पाहिले होते. दात एकमेकांना दाबून धरतात म्हणून जागच्या जागी राहतात. समोरचा पडला की उरलेला सरकत येतो, त्यात त्याचा दोष नसतो. त्याला फक्त कोणी थांबवत नाही. हे ती शिकाऊ मुलींना पाठ असल्यासारखं सांगायची. आज मेणाची सुरी हातात धरून ती त्या दाढेकडे बघत राहिली, आणि हळूहळू तिला बाबांचे बुधवार आठवायला लागले. बुधवारी बाबा पहाटे उठायचे. दाढी करायचे, इस्त्रीचा सदरा घालायचे आणि भाजीची पिशवी घेऊन 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून जायचे ते पंधरा मिनिटांत परत. भाजी कधीच आणायचे नाहीत. चेहरा मात्र असा की काहीतरी आणलंय. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि तिने आपल्या मनाशी ठरवूनच टाकलं होतं की बाबांची कोणीतरी मैत्रीण आहे. तिला बरं वाटलं होतं. गल्लीत सकाळी फिरायला येणाऱ्या बायकांकडे ती काही दिवस निरखून बघायची, ही असेल की ती असेल. दूध आणायला येणाऱ्या एका करड्या केसांच्या बाईंशी ती उगीचच फार गोड बोलत असे. त्या बाई शेवटी दुसऱ्या गल्लीने जायला लागल्या.

संध्याकाळी आत्या वाटाणे सोलत बसली होती. बाबांची ही थोरली बहीण वयाच्या ऐंशीव्या वर्षी 'चार दिवस' म्हणून आली होती, त्याला आता तीन वर्षं होत आली होती.

"आत्या, बाबा बुधवारी सकाळी कुठे जायचे गं?"

"खुंटी ढकलायला," आत्या म्हणाली. तिने मान वर केली नाही.

"तुला माहीत होतं?"

"सगळ्या गल्लीला माहीत होतं. बुधवारी हा एक फूट तिकडे ढकलायचा, रविवारी तो पट्टी एक फूट इकडे. पहिल्या मोजणीला दोघांनाही वाटलं की खुंटी आपल्या अंगावर आलीय. दोघंही शहाणे."

"मला वाटलं फिरायला जातात."

"फिरायला जाणारा माणूस पिशवीत हातोडी घेऊन जातो होय?"

"आणि त्यांची कधी गाठ पडली नाही?"

"शी. दोघं चांगल्या घरचे आहेत." आत्याने एक किडका वाटाणा चिमटीत धरून दूर फेकला. "आता एकच उरलाय. एकटाच ढकलतोय, तर खुंटी जाणार कुठे? आपल्याच दारात येणार."

"मग तू मला सांगायचं नाहीस?"

"मला वाटलं, तुला दिसतंय, पण तुझं मन नाही," आत्या म्हणाली. "दुःखातल्या माणसाला खुंटीचं काय सांगायचं?"

शनिवार तिने कसाबसा काढला. रविवारी सकाळी सातला ती फाटकापाशी उभी राहिली. तिला राग आला होता, निदान यावा अशी तिची इच्छा होती. मनातल्या मनात तिने तीन कडक वाक्यंही रचली होती. पट्टीसर आले ते धुतलेल्या कपड्यांत, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काखेत मारून. ती दिसताच त्यांनी ते वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरलं आणि वाचायला लागले. कागदातून हातोडीचा दांडा बाहेर आला होता.

"काय गं, आज लवकर?"

"खुंटी बघायला आले, सर."

"कुठली खुंटी?"

"तुमच्या पायाखाली आहे ती."

सरांनी पाय उचलला, आत्ताच उगवली असावी तसं खुंटीकडे पाहिलं आणि मग वर्तमानपत्राची घडी घातली. तिची तीन वाक्यं तयार होती, पण सरच आधी बोलले. त्यांच्या बोलण्यात 'स' आला की बारीक शिट्टी वाजत होती, आणि हिरडी झिजली की असं होतं, हे तिच्या डोक्यात तिच्या मर्जीविरुद्ध येऊन गेलं.

"तुझा बाप गेला त्यानंतर चार रविवार मी हात लावला नाही," ते म्हणाले. "मान म्हणून. पाचव्या रविवारी एक फूट सरकवली. म्हटलं, बुधवारी जाईल मागे. गुरुवारी बघतो तर तिथेच. म्हटलं, तुला सवड झाली नसेल."

"सर, मला माहीतच नव्हतं."

"त्याने तुला शिकवलं नाही?" पाढे न येणाऱ्या मुलाच्या बापाला विचारावं तसं त्यांनी विचारलं.

"नाही. पण मग तुम्ही थांबायचं."

"थांबायचं कसं? मी थांबलो असतो तर खेळ माझ्यावर संपला असता. म्हणजे तो हरला असा अर्थ झाला असता." सरांनी जरा वेळ कुंपणाच्या तारेकडे पाहिलं. "अकरा वर्षं दर गुरुवारी उठलो की आधी खिडकीतून खुंटी बघायचो. सरकलेली असली की बरं वाटायचं. म्हटलं, म्हातारा आहे. आणि आता सतरा फूट झाले. म्हटलं, आज ना उद्या या घरातून कोणीतरी माझ्या अंगावर ओरडत येईल. कोणी येईचना."

तिची तीन वाक्यं कुठल्या कुठे गेली. तिने खांबाकडे बोट दाखवलं. "नोटीस वाचलीत? परवा दगड बसणार आहेत. खुंटी असेल तिथे."

सरांनी नोटीस वाचली नव्हती. ते खांबाजवळ गेले, ती दोनदा वाचली आणि परत येताना त्यांनीही तिच्यासारखेच नजरेने सहा मीटर मोजले. कुंपण, अंगण, खिडकी. "खोली?" त्यांनी विचारलं. तिने मान डोलावली. "थांब," ते म्हणाले, आणि त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या वेगाने घरात जाऊन मोजपट्टी घेऊन आले.

त्यानंतरचा तास तिला पुढे बरेच दिवस आठवला की एकटीच हसायची. बारा मीटरचा मध्य सहावर असतो हे दोघांनाही मान्य होतं. भांडण बारा कुठून कुठपर्यंत यावर होतं. सरांचं म्हणणं, तुझ्या बापाने तार बदलली तेव्हा कुंपण चार बोटं पुढे घेतलं. तिचं म्हणणं, तुमचंच कुंपण पोट सुटल्यासारखं फुगलंय, ते आधी आत घ्या. सर मोजपट्टी ओढून धरत नव्हते, ढिली सोडत होते, आणि ते बघून तिच्या मानेमागे एक जुनी ओळखीची चीड चढत गेली. ती चीड तिची नव्हती. वाकडी कड कापणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातून पुस्तक काढून घेताना बाबांना यायची ती. "पट्टी ताणून धरा," ती म्हणाली, आणि आवाजही तिला आपला वाटला नाही. "बाबा म्हणतात ते खोटं नाही. जन्मभर हातात पट्टी, आणि तुम्हाला पट्टी धरता येत नाही." ती थबकली. तिच्या बोलण्यातलं काय चुकलं ते तिला कळलं. सरांनाही कळलं असणार, कारण चाळीस वर्षं त्यांनी याच्यापेक्षा लहान चुकांना मुलांना उभं केलं होतं. त्यांनी पट्टी ताणून धरली. "त्याला म्हणावं, स्वतःचं कुंपण बघ आधी," ते म्हणाले, आणि दोघांनी मिळून खुंटी मधोमध ठोकली. सोपं गेलं. मधली माती अकरा वर्षांत इतक्या भोकांनी चाळली गेली होती की खुंटी लोण्यात सुरी जावी तशी गेली.

खोली वाचली होती. इथे हे संपायला हवं होतं. पण सोमवारी पहाटे तिला जाग आली, आणि दाराआडच्या खिळ्याला लटकणारी भाजीची पिशवी तिला अंधारातही दिसायला लागली. ती उठली. पिशवीत हातोडी होती, तिचा दांडा एका बाजूने घासून गुळगुळीत झालेला. तिची मूठ त्या खळग्यात बसत नव्हती, थोडी जागा उरत होती. फाटकाचा आवाज होऊ न देता ती बाहेर पडली. आपण काय करतोय, हे एका प्रौढ, शिकल्यासवरल्या, हाताखाली पंधरा माणसं असलेल्या बाईला शोभतं का, असे प्रश्न तिने वाटेतल्या वीस पावलांत स्वतःला विचारले आणि एकाचंही उत्तर दिलं नाही. खुंटी हलवून सैल करायची, उपटायची, एक फूट तिकडे धरायची, ठोकायची. चार घाव. तिसऱ्या घावाला तिला एकदम कळलं की बाबा इस्त्रीचा सदरा का घालत असत. समोरच्या खिडकीचा पडदा हलला. तिने तिकडे पाहिलं नाही. चांगल्या घरची होती ती. पंधरा मिनिटांत घरात आली तेव्हा आत्या चहा गाळत होती.

"बुधवारी करायचं असतं ते," आत्या म्हणाली.

"बुधवारपर्यंत वेळ नाही."

दिवसभर तिला वाईट वाटत राहिलं. खोली वाचवणं वेगळं आणि एका म्हाताऱ्या माणसाचा फूटभर ओढून घेणं वेगळं. मंगळवारी सकाळी आधी जाऊन ती परत सरकवायची, असं तिने पक्कं ठरवलं आणि शांत झोपली. पण सरकारी माणसं वेळेआधी येतील असं अकरा वर्षांत कोणी पाहिलं नव्हतं, आणि ती नेमकी त्याच दिवशी आली. ती दार उघडते तो साहेब छत्री लावून उभे, दोन मजूर दगड घेऊन उभे, आणि पट्टीसर स्वच्छ कपड्यांत हात मागे बांधून उभे. मजुरांनी खुंटीपासून दोरी धरली. तिच्या बाजूला सहा मीटर भरले ते कुंपणाच्या अलीकडेच. सरांच्या बाजूला दोरी तारेतून आत गेली आणि आतल्या फुलझाडांवर जाऊन पडली.

"रस्ता फूटभर तुमच्या आवारात येतोय," साहेब सरांना म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग खुंटीकडे, मग परत सरांकडे. "विचारणं माझं काम आहे. खुंटी कोणी हलवली का?"

"हो," ती म्हणायला गेली, पण सरांचा आवाज वर्गातला होता आणि तो आधी पोचला.

"नाही."

"नक्की?"

"अकरा वर्षं रोज बघतोय. इथेच आहे."

"कुंपण आत घ्यावं लागेल तुम्हाला. झाडं जातील."

"घेतो."

"सर," ती म्हणाली, "काल सकाळी मी..."

"तू गप्प बस. तुला काय ठाऊक? तू कामावर असतेस." ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "तिच्या बापाला विचारलं असतंत तर त्यानेही हेच सांगितलं असतं, साहेब. खुंटी याच जागी आहे, असंच तो पहिल्यापासून म्हणत होता. बरोबर होतं त्याचं. लिहा."

साहेबांनी लिहिलं. मजुरांनी खुंटी उपटली आणि खड्डा खणायला घेतला. पट्टीसर दगड बसेपर्यंत थांबले नाहीत. आपल्या फुलझाडांपाशी गेले, वाकून बघितलं, कुठली कुठे हलवता येतील ते बोटांवर मोजलं आणि तारेच्या आतून, दगडाच्या बाजूला तिरका डोळाही न टाकता, घरात निघून गेले. खड्ड्यात दगड उतरला. मजुराने त्याच्याभोवती खडी आणि सिमेंट ओतलं, थापीने चारी बाजूंनी नीट दाबलं, अगदी मन लावून, शेवटी हात मागे घेऊन एक डोळा मिटून बघितलं. आता हा कोणाच्याने हलणार नव्हता. बुधवारी नाही आणि रविवारीही नाही. ती दगडाकडे बघत उभी होती, आणि घशात काहीतरी वर चढत आलं. खोकला येईल असं तिला वाटलं. तिने पदर तोंडाशी नेला. तो खोकला नव्हता. पाच महिन्यांत कधी आलं नव्हतं ते भर रस्त्यात, दोन मजुरांसमोर आणि एका सरकारी माणसासमोर आलं, आणि थांबवायचं कसं हे तिला माहीत नव्हतं.

साहेब गडबडून गेले. त्यांना शिव्यांची सवय होती, अर्जांची होती. त्यांनी आधी छत्री तिच्यावर धरली, तिचा काही उपयोग नाही असं पाहून ती मिटली, आणि शेवटी जे येत होतं ते केलं. नकाशा उलगडून तिच्यापुढे धरला.

"मॅडम, असं काय करताय? तुमचं काहीच गेलेलं नाही," ते म्हणाले. "हे बघा. हे फाटक, हे अंगण, ही बाहेरची खोली. एक इंचसुद्धा नाही गेलेला. सगळं आहे."

नकाशावरच्या रेघा एकमेकींत विरघळल्या होत्या. साहेबांचं बोट जिथे टेकलं होतं तिथे तिने वाकून पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "दिसतंय."